मांजराला पट्टा बांधून बाहेर फिरवायला नेतं का कुणी? (बेळगाव)

कुंदाची_आई (टिळकवाडी)
नमस्कार. आमच्याकडे एक भाटी आहे, गावठीच, रंग अगदी कुंद्यासारखा म्हणून नाव पण कुंदाच. दीड वर्षाची असेल, ऑपरेशन झालंय. आधी आम्ही वडगावात खालच्या घरात होतो, मागं परसू होतं, तिथं ही दिवसभर पेरूच्या झाडाखाली. आता टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर आलोय आणि तेव्हापासून दारात बसून नुसती ओरडालीय, दूधवाला आला की त्याच्या पायातनं जिन्यात पळते, मग आम्ही सगळे मागनं. मुलीनं ऑनलाइन हार्नेस मागवलाय, तिचं म्हणणं व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात सकाळी फिरायला नेऊया. सासूबाई म्हणतात मांजर काय कुत्रं आहे काय, लोक हसतील. हसू देत, त्याचं काही नाही, मला भीती भटक्या कुत्र्यांची आहे. आणि हार्नेस घातला की ही आडवीच पडते, हलत नाही म्हणजे हलत नाही. बेळगावात कुणी नेतंय का असं? सुरुवात कशी करायची, लसी कुठल्या लागतात, गळ्यातला साधा पट्टा चालेल का? तो तरी घालून घेते ती.

शहापूरचा_बोका
व्हॅक्सिन डेपोत, सकाळी, मांजर? अहो ताई अर्धं टिळकवाडी तिथं चालायला येतंय, तुमची कुंदा आडवी गेली की निम्मे काका जागेवर उभे, आधी तुम्ही जा, नाही नाही आधी तुम्ही. सगळ्यांचा वॉक तिथंच संपला बघा.

तीन_मांजरं (अनगोळ)
वरच्यांकडे लक्ष देऊ नका, मी नेते. तिघांतल्या एकाला नेते, बाकी दोघांना दाराबाहेर पाय टाकायचा नाही, त्यांना मी जबरदस्ती करत नाही. हे आधी सांगते कारण सगळीच मांजरं यासाठी नसतात, पण कुंदा परसातली आहे, तिला बाहेरचं माहीत आहे, ती शिकेल.

आडवी पडते ते नॉर्मल आहे हो, अंगाला सगळीकडनं काहीतरी आवळलं की बहुतेक मांजरं तशीच थिजतात, दुखत नसतं. ओढू नका फक्त. हार्नेस काढून तिच्या ताटलीशेजारी नुसता ठेवा काही दिवस, वास लागू दे. मग जेवायच्या बरोबर आधी घालायचा आणि लगेच सुकट नाहीतर चिकनचा तुकडा पुढं, खाऊन झालं की काढायचा. हळूहळू वेळ वाढवा. घालून घरभर शेपटी वर करून फिरायला लागली की मग दोरी लावा, ती पण आधी घरातच. यात महिना गेला तरी जाऊ दे, घाई केली तर हार्नेस बघूनच पलंगाखाली जाऊन बसेल.

गळ्यातला पट्टा नको, म्हणजे दोरी लावायला नको. ती घाबरून उडी मारेल तेव्हा सगळा हिसका गळ्याला बसतो, श्वासनळी तिथंच. शिवाय मांजराचं गळ्याचं हाड दुसऱ्या हाडाला जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की अंग जातंच. जॅकेटसारखा रुंद हार्नेस घ्या, अंग आणि कापडाच्या मध्ये दोन बोटं जातील एवढाच सैल. आणि एक लक्षात ठेवा, मांजर निसटतं ते मागं सरकून. तुम्ही समोर उभं राहून दोरी ताणली की ती मागं रेटणार आणि खांदे बाहेर. ती मागं जायला लागली की दोरी सैल सोडा, तिच्या मागं जाऊन बसा.

अजून एक. दारातनं तिला तिच्या पायानं बाहेर नेऊ नका. कायम पिशवीत नाहीतर पाठीवरच्या बॅगेत घालून न्यायचं, खाली जाऊन सोडायचं, परत येताना पण बॅगेतनंच. नाहीतर दार उघडं म्हणजे आपला रस्ता असंच तिच्या डोक्यात बसतं, मग दूधवाल्याचं काही खरं नाही. ओरडली म्हणून न्यायचं तर अजिबात नाही, ओरडून काम होतंय हे कळलं की पहाटे चारला उठवेल. आपली वेळ ठरवायची, जेवणाआधीची.

चिक्कोडी_रोड (निपाणी)
काय लावलंय हे. आमच्याकडं मांजराला पट्टा बांधला तर मालकाला येडं म्हणतील. मांजर मोकळं सोडायचं, रातभर उंदीर मारतंय, सकाळी आपण हून येतंय दारात. परसातल्या मांजराला फ्लॅटात कोंडायचं आणि वर दोरी बांधून हवा खायला न्यायचं म्हणजे तुरुंगातल्या कैद्याला फिरवल्यागत की.

तीन_मांजरं (अनगोळ)
दादा, निपाणीच्या मळ्यात ठीक असेल. आमच्या खाली रस्त्यावर रात्री दहाला पण टेम्पो थांबत नाहीत. आणि दुकानदार उंदरांना औषध घालतात, ते खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराला आयताच मिळतो आणि विष त्याच्या पोटात. मळ्यातली तरी सगळी परत येतात का, खरं सांगा?

चिक्कोडी_रोड (निपाणी)
सगळी नाही येत, ते खरं आहे. उसात गेलेली बरीच गेलीच. घोणस असतेय तिथं, आणि मांजर सापाशी खेळल्याशिवाय राहत नाही. पण तरी दोरी मला पटत नाही बघा.

डोस_देणारा (खानापूर)
मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे, डॉक्टर नाही, पण रोज हेच बघालोय म्हणून लिहितो.

लसी दोन. एक तीन रोगांची एकत्र असते, ती पिल्लाला आठ आठवड्यांनंतर सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. मोठ्या मांजराला कधीच दिली नसेल तरी तसेच दोन डोस. त्यातला पॅनल्युकोपेनिया सगळ्यात वाईट, त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, तुमच्या चपलेतनं पण घरात येतो, त्यामुळे बाहेर नेणार नसलात तरी ही लस पाहिजेच. दुसरी रेबीजची, तीन महिन्यांच्या पुढं, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, आपल्याकडं बहुतेक दरवर्षी देतात. दुसरा डोस होऊन दोन आठवडे गेल्याशिवाय खाली उतरवू नका. बाहेर तुम्हाला भलत्या मांजरानं ओरबाडलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सिव्हिलला, हळद लावून घरी बसायचं नाही.

आता मुख्य सांगायचं ते गोचिडाचं. गवतात नेलं की पिसवा आणि गोचीड येणारच, आमच्या खानापूर भागात तर पावसाळा संपला की विचारू नका. मग लोक काय करतात, घरातल्या कुत्र्यासाठी आणलेलं मानेवर सोडायचं औषध मांजराच्या मानेवर ओततात, थोडंच घातलंय म्हणून. त्यात परमेथ्रिन असलं तर थोडं पण चालत नाही, मांजराचं लिव्हर ते फोडू शकत नाही, अंग थरथरायला लागतं, झटके येतात आणि जातं. कुत्र्याला चालतं म्हणून मांजराला चालतं असं नसतं. पाकिटावर मांजराचं चित्र बघून आणि वजन सांगूनच घ्या. घरात कुत्रं असेल तर त्याला औषध लावल्यावर वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका, मांजर त्याचं अंग चाटतं. जंताचं औषध साधारण दर तीन महिन्यांनी.

ऑपरेशन झालंय हे बरंच झालं, नाहीतर माजावर आली असती तर दोरीनं आवरली नसती.

छत्री_घेऊन (कॅम्प)
कुत्र्यांचं मी सांगतो, कारण आमच्या कॅम्पात झाडं भरपूर आणि कुत्री त्याहून भरपूर. मी छत्री घेऊनच जातो, पाऊस असो नसो. कुत्रं अंगावर यायला लागलं की त्याच्या तोंडासमोर झटकन उघडायची, दहातली नऊ थबकतात. आणि घाबरलेल्या मांजराला छातीशी उचलून धरायचं नाही, ते झाड समजून तुमच्या डोक्यावर चढणार, नखं सगळी बाहेर. बॅग खाली जमिनीवर तोंड उघडी ठेवायची, सवय असली की ते स्वतःच आत घुसतं. ही सवय घरात लावा, बॅगेतच जेवायला द्या.

वेळ म्हणाल तर कुत्री पहाटे आणि रात्री टोळीनं असतात, लोकांची वर्दळ सकाळी सात-आठला, त्यामुळे मी दुपारी उन्हं कलली की नेतो. एप्रिल-मेमध्ये आधी हाताची पालथी बाजू रस्त्याला लावून बघा, आपल्याला धरवत नसेल तर तिला पण नाही. तिन्हीसांजेनंतर मात्र आमच्या घरात बंदी आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सकडं बिबट्या आला होता, आठवतंय ना, शाळा बंद, शिमोग्याकडच्या सक्रेबैल कॅम्पातनं हत्ती आणले आणि शेवटपर्यंत सापडला नाही. आमची आई अजून म्हणते तो इथंच कुठंतरी आहे.

गणपतीत आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी तर बाहेर काढूच नका. विसर्जन आपल्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालतंय, डॉल्बीनं आपली खिडकी थरथरते, तिचं काय होत असेल.

कुंदाची_आई (टिळकवाडी)
बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. गोचिडाचं तर माहीतच नव्हतं, जाऊबाईंकडं कुत्र्याचं तेच औषध आहे आणि त्या देतेच म्हणाल्या होत्या. डेपो सध्या रद्द. दुसऱ्या मजल्याच्या वर मोकळी गच्ची आहे, तिथं दोरी कठड्याला बांधून तिला तासभर सोडली आणि मी कपडे वाळत घातले तर? खालच्या पार्किंगमध्ये नेलं की तळमजल्यावरच्या कन्नड आजी ‘बेक्कु बंतु, बेक्कु बंतु’ (मांजर आलं) करत दार लावून घेतात, त्यामुळे तिकडं जरा ऑकवर्ड होतं.

तीन_मांजरं (अनगोळ)
नाही नाही, कठड्याला बांधून अजिबात नको. कबुतर दिसलं की ती कठड्यावर उडी मारणार, पलीकडं गेली तर दोरीला लोंबकळेल नाहीतर हार्नेसमधनं सुटून खाली. गच्चीवर न्या पण दोरी हातात, आणि कपडे दुसऱ्या वेळी. आजींच्या पार्किंगमध्येच न्या मी म्हणते, दुपारी त्या झोपतात तेव्हा. पहिल्या दिवशी गाडीखाली बसून राहील, तुम्ही पण शेजारी बसा, मोबाईल बघा. कुत्र्यासारखं सरळ चालणार नाहीच ती कधी, दहा पावलं जाईल, भिंत हुंगेल, बसेल. तिला तेवढंच पाहिजे असतं.

आणि गॅलरी असेल तर तिला जाळी मारून घ्या, कबुतरांची नायलॉनची नको, ती दातानं तोडतात, तारेची घ्या. जाळीला लागून एक फळी ठोकून द्या. पावसाळ्यात चार महिने तुम्ही कुठं तिला खाली नेणार, जुलैत आपण तरी जातोय काय.

शहापूरचा_बोका
तारेची जाळी खडेबाजारात मिळेल, माप घेऊन जा. आणि फळी खाली पडणार नाही अशी ठोका, मांजर फळीवर असताना पडली तर परत जन्मात चढणार नाही ती.