मदत हवी आहे: मुलीचं नाव 'उमा' ठेवावं की नको?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. मुलगी झालीय, कृत्तिकेचं तिसरं चरण, म्हणजे अक्षर 'उ'. या अक्षरावरून नावं काढायला बसलात की कळेल, उषा आणि उज्ज्वलाच्या पुढे गाडी सरकत नाही. आम्हा दोघांना 'उमा' आवडलं. कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा, ती पार्वतीच आणि उमाही तीच. प्रश्न मिटला असं वाटलं होतं.

आजीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. आजी १९६१च्या आधी, पोर्तुगीज अमलात, त्यांच्या शाळेत सेगुंद ग्राव (दुसरा टप्पा) शिकलेली. म्हणाली, "अरे, पुर्तुगेजांत 'उमा' म्हणजे 'एक'! बोका असला तर 'उं गातु', मांजरी असली तर 'उमा गाता'. देवीचं नाव ठेवताय की पोरीची मोजदाद करताय?" तेवढ्यात आत्येनं कोकणी काढली. कोकणीत 'उमो' म्हणजे पापा. घरातली पोरं तेव्हापासून पाळण्याभोवती "एक उमो दी" करत नाचतायत. हे एक वेळ गोड आहे, पण शाळेत आठवीच्या वर्गात काय होईल?

खरी काशी मेव्हण्यानं केली. तो वेर्ण्याला नोकरी करता करता जपानी शिकतोय. जपानीत 'उमा' म्हणजे घोडा. इथवर ठीक. पण त्यानं सासूबाईंसमोरच सांगितलं, की तिथे दर साठ वर्षांनी 'हिनोए-उमा', म्हणजे अग्नी-घोड्याचं वर्ष येतं आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट, नवऱ्याला भारी, असा जुना समज आहे. १९६६ साली या धास्तीनं तिथले जन्म एका वर्षात सुमारे पाव हिश्शानं घटले होते. आणि पुढचं तसं वर्ष २०२६. आमची नेमकी यंदाची! सासूबाईंनी त्या दिवसापासून 'उमा' हा शब्द उच्चारलेला नाही.

माझी बहीण लिस्बनला असते, उद्या ही तिकडे शिकायला गेली तर नावावरून चिडवतील का? आणि 'उमा'चा मुळातला अर्थ नक्की काय? कुणी 'पार्वती' म्हणतं, कुणी 'तेज', एका संकेतस्थळावर तर 'शांत रात्र' दिलंय. बारसं रविवारी आहे, जरा लवकर सांगा.

प्रतिसाद १
लिस्बनला सहा वर्षं काढली आहेत. चिडवण्यासारखं त्यात काही नाही, 'उमा' इतका साधा शब्द आहे की कान तिकडे जातच नाही. उलट त्यांच्या लहान मुलांच्या गोष्टी 'एरा उमा वेश' अशा सुरू होतात, आपल्या 'आटपाट नगर होतं' सारख्या. आजीला विचारा, तिला नक्की आठवेल.

प्रतिसाद २
संस्कृत शिकवतो म्हणून लिहितो. कालिदासानं कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात सांगितलंय, की आईनं 'उ, मा', म्हणजे 'अगं, नको' असं म्हणून पार्वतीला तपापासून अडवलं, म्हणून ती उमा. हा कवीचा खेळ समजा, कारण केनोपनिषदात 'उमा हैमवती' कालिदासाच्या किती तरी आधी आलेली आहे. अमरकोशात 'उमा' म्हणजे जवसही. घोड्यापेक्षा जवस बरा! तिबेटीत उच्चारायला हाच शब्द 'मधला' या अर्थी येतो, बौद्धांच्या माध्यमिक दर्शनासाठी. आणि हिनोए-उमाचा दोष जन्मवर्षाचा आहे, नावाचा नव्हे. मुलगी २०२६ची असेल तर 'उषा' ठेवून सासूबाईंना काय मिळणार?

प्रतिसाद ३
रविवारची घाई बारशाला असू दे, दाखल्याला नको. जन्म नाव न घालता नोंदवता येतो आणि नाव पुढच्या बारा महिन्यांत विनाशुल्क चढवता येतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. आजीला 'एरा उमा वेश' म्हणून दाखवलं. तिनं डोळे मिटले आणि पुढची अख्खी गोष्ट पोर्तुगीजमध्ये सांगितली, मला ओ की ठो कळलं नाही. शेवटी म्हणाली, "उमाच ठेव." जवसाचं मात्र सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना जवसाची चटणी आवडते, तेव्हा आज जेवताना विषय काढून बघतो.