क्षार : उत्तर 20 की 29.25?

हळदपेठ : भाची नववीत, मराठी माध्यम, सांगलीतच. गणित असं : 20 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचं हायड्रोक्लोरिक आम्लाने पूर्ण उदासिनीकरण केलं, तर किती ग्रॅम क्षार मिळेल? 40 ग्रॅमला 58.5 ग्रॅम क्षार, म्हणजे साधं मीठ; म्हणून 20 ला 29.25. पोरीनं लिहिलं 20. कारण मोबाईलवरचे हिंदी सर शिकवतात, 'अम्ल आणि क्षार मिळून लवण आणि जल'. त्यांचा क्षार म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच, आधीच चंचुपात्रात! आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (बेस) मिळून क्षार आणि पाणी. शब्द तोच, बाणाच्या दोन्ही बाजूंना. मूळ अर्थ कुठला धरायचा?

काढा_चाटण : हिंदीवाल्यांचा. आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पतीची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून काढलेला दाहक पदार्थ. यवक्षार जवाच्या राखेचा. भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचा लेप दिलेला दोरा, त्यातलंच. झिजवतो तो क्षार. पाठ्यपुस्तकवाल्यांनी शब्द पळवला.

मळईचं रान : पळवला कसला? कृष्णाकाठाला उसाला पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झाली, वर पांढरं फुटलंय, ते काय जवाची राख हाय व्हय? ते सॉल्टच. सोडियम मातीला धरून बसला की ती चोपण; जिप्सम टाकायचं ते तिथं. पुस्तकानं आमचाच शब्द घेतलाय.

खडूफळा : वर्गात मी 'आम्लारी' फोडून सांगतो : आम्लाचा अरी, शत्रू. त्या दिवसापासून कुणी विसरत नाही. 'क्षार' असा फुटत नाही, हीच अडचण. सेमीची पोरं 'सॉल्ट' म्हणून सुटतात म्हणावं, तर मोरचूद (कॉपर सल्फेट) दाखवल्यावर विचारतात, "सर, हे मीठ निळं कसं?"

काढा_चाटण : मग 'लवण' घ्या की. शुद्ध शब्द आहे.

खडूफळा : लवण म्हटलं की आमच्या पोरांना रस्त्याचा उतार आठवतो.

बेदाणाशेड : दोघंही तासगावात या. द्राक्षं वाळवायच्या आधी बुडवतो ते पाणी बघा : लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, 15 मिली डिपिंग ऑइल. कार्बोनेट पुस्तकाच्या हिशेबानं क्षार, कारण आम्ल-आम्लारीपासून बनलेलं. पण त्याच पाण्यात तांबडा लिटमस घाला, निळा होतोय. म्हणजे वैद्यांचाही क्षार! राखेतून निघतं तेही मुख्यतः हेच.

खडूफळा : हे मात्र बरोबर. क्षार म्हणजे उदासीन, असं पोरं पाठ करून येतात. तीव्र आम्ल, तीव्र आम्लारी असतील तर क्षार सहसा उदासीन. कार्बोनिक आम्ल सौम्य, म्हणून कार्बोनेटचं पाणी आम्लारिधर्मी.

हळदपेठ : ते ठीक. पण परीक्षेत काय लिहायचं?

मळईचं रान : बेदाण्याला पापडखार चालंल का? खार म्हणजे क्षारच की.

बेदाणाशेड : सोडियमवाला माल नको. रंग बिघडला तर भाव कोण देणार?

काढा_चाटण : आमची आजी पापडखार आधी पाण्यात उकळून, निवळून घ्यायची. हल्ली दुकानात पापडखार मागितला तर सरळ खायचा सोडा हातात देतात.

मळईचं रान : मिरजेत मिळतोय की अजून. खडा घ्या, पूड नको.