बागेच्या विटांच्या भिंतीत काजळी कशाची?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका जुन्या हवेलीच्या भाजीबागेची भिंत साधारण १२ फूट उंच आहे. दक्षिणेकडच्या अंगावर गंजलेले खिळे आहेत, आत काजळीने माखलेल्या पोकळ्या. काळ कसा ठरवायचा? काही विटांचे पापुद्रेही सुटताहेत.

उत्तर १: ही 'हॉट वॉल', म्हणजे तापवायची भिंत. मागच्या बाजूला भट्ट्या असत. धूर भिंतीतल्या नागमोडी नळ्यांतून फिरून वर निघे आणि वसंतातल्या गोठवणाऱ्या थंडीपासून पीच, जर्दाळूचा मोहर वाचे. खिळ्यांना कापडाच्या पट्ट्या अडकवून फांद्या बांधत. वुस्टरशायरमधल्या क्रूम कोर्टची अशी भिंत साधारण १८०६ची, पाच भट्ट्यांची. तळाशी भट्टीची बुजवलेली तोंडं शोधा.

उत्तर २: विटांचं माप घ्याच. १७८४ ते १८५० तिथे विटांवर नगावर कर होता, म्हणून काहींनी मोठ्या विटा पाडल्या. १८०३पासून १५० घनइंचांपेक्षा मोठ्या विटेला दुप्पट कर लागला. पण नुसत्या मापावर विसंबू नका, जुन्या विटा पुन्हा वापरण्याची पद्धत सर्रास होती.

उत्तर ३: पापुद्रे बहुधा सांध्यांत भरलेल्या सिमेंटमुळे. ओल सांध्यातून सुटत नाही, विटेत साठते, गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी थर उडवते. सिमेंट हातछिन्नीने काढा, ग्राइंडर विटेच्या कडा खातो. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, पाणी मारा, मग १ भाग चुना आणि ३ भाग भरड वाळू दाबून भरा. ओल्या गोणपाटाने झाका. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा.