मदत हवी आहे: काजूच्या बोंडूचं सरबत टिकवायचं कसं आणि उरलेल्या चोथ्याचं काय करायचं?

वाडीकरीण

नमस्कार मंडळी,

आम्ही सावंतवाडी तालुक्यातल्या एका वाडीतल्या बायका. आमचा बचतगट आहे. आमसुलं, आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ हे आम्ही दरवर्षी करतो आणि ते खपतं. आता काजूच्या बोंडूंचं (बीला जोडलेल्या रसाळ फळांचं) काम नीट हातात घ्यायचं ठरवलं आहे, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

फेब्रुवारी ते मे आमच्याकडे घरोघरी एकच काम. पहाटे बागेत जायचं, पडलेले काजू गोळा करायचे, बी पिळून काढायची आणि बोंडू तिथंच झाडाखाली टाकायचे. व्यापारी बी नेतो. एक बी साधारण 6 ते 8 ग्रॅमची, तर बोंडू 50 ते 80 ग्रॅमचा. म्हणजे किलोभर बीमागे आठ-दहा किलो बोंडू. वर्षाला 100 किलो बी विकणाऱ्या लहानशा घराच्या बागेतसुद्धा टनाच्या आसपास फळ कुजतं. दुपारपर्यंत चिलटं घोंगावायला लागतात, आंबूस वास सुटतो, दोन दिवसांत सगळं मातीत.

आणि हे फळ साधंसुधं नाही. बोंडूच्या 100 ग्रॅम रसात 200 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चार-पाच पट. त्याच उन्हाळ्यात आमची पोरं नाक्यावरून रंगीत साखरपाण्याच्या बाटल्या आणून पितात. मला हे बघवत नाही. आपल्या जमिनीतलं अन्न आपल्याच ताटात यावं, एवढीच इच्छा आहे.

आत्ता आम्ही बोंडू धुऊन, चिरून, फडक्यातून पिळून रस काढतो आणि साखर घालून उकळतो. ताजं असताना चव छान लागते, पण घसा धरतो. वयस्कर माणसांना तर ठसकाच लागतो. रंग पहिल्या दिवशी सोनेरी, मग तपकिरी होत जातो. बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, आणि गाळ दिसला की गिऱ्हाईक बाटली परत ठेवतं.

तर माझे प्रश्न: घशाला धरणारा तुरटपणा काढायचा कसा? रंग टिकेल का? पिळून उरलेला चोथा, तो तर ढीगभर असतो, त्याचं काय करता येईल? आणि विकायचं कुठे? आम्हाला मुंबईपर्यंत पाठवायची घाई नाही, जिल्ह्यातच खपलं तर जास्त आनंद होईल.

एक विनंती. दारू गाळायचे सल्ले कृपया देऊ नका. परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे, आणि गटातल्या काही जणींनी दारूपायी घरात काय सोसलं आहे ते मी जवळून पाहिलं आहे. तो रस्ता आमचा नाही.

रानमेवा

ताई, फार चांगला विषय काढलात. माझं शिक्षण दापोलीच्या कृषी विद्यापीठात अन्नप्रक्रियेचं झालं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

घसा धरतो तो टॅनिनमुळे. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, टॅनिन त्यांना पकडून ठेवतं. तोंड कोरडं आणि खरखरीत होतं ते त्यामुळेच. उकळून टॅनिन जात नाही. उलट उकळल्याने क जीवनसत्त्व मात्र जातं, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप तेच निघून जातं. तेव्हा रस उकळणं आधी थांबवा.

टॅनिन खाली बसवायचा सोपा उपाय म्हणजे साबुदाणा. लिटरभर रसाला 5 ग्रॅम साबुदाणा पुरतो. साबुदाणा मिक्सरवर बारीक करा, थोड्या पाण्यात पातळ खळ शिजवा, पूर्ण गार करा आणि रसात घालून चांगलं ढवळा. मग भांडं न हलवता ठेवून द्या. साधारण 12 तासांत टॅनिन खळीबरोबर तळाशी बसतं आणि वर नितळ रस येतो. तो नळीने अलगद काढून घ्या, भांडं ओतायला वाकवलंत की गाळ पुन्हा उठतो. तुमच्या बाटलीत बसणारा गाळ बराचसा हाच आहे. तो आधी पातेल्यात बसवला की नंतर बाटलीत बसत नाही.

जिलेटिननेही हे होतं आणि लवकर होतं. पण ते प्राण्यांपासून बनतं, आपल्याकडे उपासाला सरबत घेणारी माणसं आहेत, त्यामुळे मी ते सुचवणार नाही.

रंगाचं म्हणाल तर चिरलेलं वांगं काळं पडतं तीच क्रिया इथे घडते. शिवाय भांड्यांकडे लक्ष द्या. लोखंडाची विळी, लोखंडी कढई, गंजका चाळणा यातलं काहीही रसाला लागता कामा नये. टॅनिन आणि लोह एकत्र आले की रस काळा पडणारच. चांगल्या प्रतीचं स्टील वापरा.

आता सरबताची पद्धत. लिटरभर नितळ रसाला सुमारे 1 किलो 700 ग्रॅम साखर, सव्वा लिटर पाणी आणि 30 ते 35 ग्रॅम सायट्रिक आम्ल. साखर, पाणी आणि आम्ल यांचा पाक करून गाळून घ्या, पूर्ण गार होऊ द्या, आणि मगच रस मिसळा. याने फळाचा अंश 25 टक्क्यांच्या आसपास आणि गोडी 45 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या साखरेचं शेकडा माप) जवळ येते. स्क्वॅश (पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत) म्हणून विकायचं तर कायद्याने किमान 25 टक्के फळ आणि 40 ब्रिक्स लागतं, त्यात तुम्ही बसता. पिताना तिप्पट पाणी घालायचं.

आजगावकर

बाय गे, साबुदाणो आमच्या लहानपणी खय होतो? आमची आजये भाताची पेज घालायची रसात. पेज गार करून घालायची आणि सकाळी वरचा निवळ घ्यायची. घसो धरी नाय.

बाकी सगळं रानमेवा यांनी लिहिलंच आहे. पेज खरंच चालते, मी खात्रीने सांगतो. फक्त ती अगदी पातळ हवी आणि त्यात मीठ नको.

वाडीकरीण

रानमेवा, आजगावकर काका, दोघांचेही मनापासून आभार. पेज तर आमच्याकडे रोजचीच, ती पहिली करून बघणार.

पण एक अडचण दिसते. 12 तास रस ठेवायचा म्हणता, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी काढलेला रस संध्याकाळी फसफसायला लागतो. शिवाय परिरक्षक (माल टिकवणारं रसायन) घालायचं का? आमची गिऱ्हाईकं ‘केमिकल नको’ म्हणतात.

पेडणेकरीण

मी सीमेपलीकडची, गोव्यातल्या पेडण्याची, म्हणून थोडं लिहिते. आमच्याकडे बोंडू तुडवून दाबाखाली ठेवतात. त्यातून आपसूक गळणारा जो नितळ रस, त्याला नीरो म्हणतात. उन्हाळ्यात लोक तो ताजाच पितात, त्याला दारूचा संबंध नाही. (फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि सगळ्यांना फेणीच दिसते, नीरोकडे कोणी वळून बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.)

फसफसण्याचं मूळ बागेत आहे, स्वयंपाकघरात नाही. पडून फुटलेला बोंडू घेतलात की आंबवणारं सगळं तुम्ही सोबत घरी आणलंत. झाडाखाली जुनी जाळी थोडी उंच बांधा, म्हणजे फळ मातीवर आपटत नाही. पहाटेच गोळा करा आणि सावलीत न्या. बी पिळून काढताना बोंडूचं बूड फाटतं, रस वाहतो. त्याऐवजी बी आणि बोंडू यांच्यामध्ये बारीक दोऱ्याचा फास घालून ओढा, स्वच्छ सुटते. बीच्या सालीतलं तेल कातडी भाजतं हे तुम्हाला सांगायला नको, पण रस काढताना एकही बी चुकून सोबत चिरली जाऊ नये हे नवीन मुलींना बजावून सांगा.

आणि तोडल्यापासून रस काढेपर्यंत चार-पाच तासांच्या वर जाऊ देऊ नका. सगळी वाडी एकाच वेळी बोंडू आणणार असेल तर घरं वाटून घ्या, आज वरची वाडी, उद्या खालची.

रानमेवा

पेडणेकरीण ताईंशी शंभर टक्के सहमत. बागेत जपलंत तर निम्मं काम झालं.

केमिकलबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. दोन वेगळे माल करा. पहिला, ताजा रस: निवळून, गार ठेवून, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विकायचा. त्यात काहीच घालू नका. निवळायला ठेवताना पातेलं फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवा, 12 तास सहज निघतात.

दुसरा, पुढच्या हंगामापर्यंत टिकवायचा स्क्वॅश. तो तुम्ही उकळणार नाही, त्यामुळे त्याला परिरक्षक लागतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, तयार स्क्वॅशच्या किलोला 0.6 ग्रॅम, त्याहून जास्त नाही. त्यातून 350 पीपीएम (दहा लाख भागांत 350 भाग) सल्फर डायऑक्साइड मिळतो आणि मर्यादाही तेवढीच आहे. 4 किलो स्क्वॅशला 2.4 ग्रॅम. हे चमच्याने मोजायचं काम नाही, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. थोड्या पाण्यात विरघळवून शेवटी मिसळा. याने रंगही टिकतो. लेबलवर ते ठळक लिहा, कारण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही. गिऱ्हाइकाला खरं सांगितलंत तर ते ऐकून घेतं असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी: हीच पूड कोकमाच्या सरबतात घालू नका. तिथे ती लाल रंग उडवते. कोकमाला सोडियम बेंझोएट वापरतात.

सड्यावरचा

चोथ्याबद्दल मी लिहितो, माझी गुरं आहेत आणि गांडूळखताचे वाफे आहेत.

ओला चोथा ढीग करून ठेवू नका, रात्रीत तापतो आणि आंबतो. आंबलेला चोथा गुरांनी भरपूर खाल्ला की पोट बिघडतं. पिळल्या पिळल्या खळ्यात पातळ पसरा. एप्रिलचं ऊन चांगलं असतं, खडखडीत वाळतो. मग पोत्यात भरा. वाळलेला चोथा पेंड आणि पेंढ्यासोबत थोडा थोडा मिसळून द्यायचा, त्यावरच गुरं ठेवायची नाहीत. पावसाळ्यात वैरणीची ओढ असते तेव्हा ही पोती फार कामी येतात. म्हशीला सवय लागायला वेळ लागतो, गाय लगेच खाते.

खत करायचं असेल तर चोथा आंबट असतो हे लक्षात ठेवा. थेट गांडुळांवर टाकलात तर गांडुळं वाफ्यातून पळून जातात. आधी शेण, गिरिपुष्पाचा पाला आणि चोथा यांचे थर लावून दोन-तीन आठवडे कुजू द्या, मधे एकदा पालथं करा. उष्णता गेली की मग वाफ्यात. ते खत काजूच्याच आळ्यात घालायचं. आपल्या जांभ्या जमिनीत सेंद्रिय माती टिकतच नाही, पावसाने वाहून जाते, त्यामुळे बागेतलं बागेत परत गेलेलं बरं.

निवळताना खाली बसलेला गाळ त्याच ढिगात ओता.

मालवणची खानावळ

विक्रीबद्दल. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला, आणि आमच्याकडे पाहुण्यांची खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे तुमचा बोंडू असतो तेव्हाच. पाहुणे रोज विचारतात, ‘इथलं काय आहे प्यायला?’ मी सोलकढी आणि कोकम सांगते, तिसरं नाव माझ्याकडे नसतं. तुमचा ताजा रस मला लागेल. रोज हवा असं नाही, शुक्रवार ते रविवार आला तरी चालेल. मासे आणणाऱ्या गाड्यांतून नाही, स्वतंत्र बर्फपेटीतून पाठवा.

स्क्वॅश 200 मिलीच्या काचेच्या बाटलीत भरा. मोठी बाटली प्रवासी उचलत नाही, वजन होतं. लेबलवर वाडीचं नाव मोठं लिहा, लोक ते वाचतात.

अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र आधी करा, त्याशिवाय मी घेऊ शकत नाही. लहान उद्योगाला साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते. यंत्रांसाठी 2020 साली सुरू झालेली पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना बघा. तिच्यात प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. सध्या अर्ज घेत आहेत का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण ताई, एक हंगाम हाताने काढा, काय खपतं ते बघा आणि मग कर्ज घ्या.

रानमेवा

खानावळवाल्या ताईंचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. हाताने फिरवायचं स्क्रूचं दाबयंत्र पहिल्या वर्षी पुरे. प्रात्यक्षिक बघायचं असेल तर वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र तुम्हाला जवळ आहे, किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्रही आहे. जाताना स्वतःचे बोंडू घेऊन जा. वेंगुर्ला-4 जातीचा लाल बोंडू आणि वेंगुर्ला-7 जातीचा पिवळा वेगवेगळा ठेवा, चव आणि तुरटपणा सारखा नसतो. कुठल्या झाडाचा रस कसा निवळतो याची वही घालाच.

वाडीकरीण

सगळ्यांचे उत्तर वाचून गटात काल बैठक झाली. ठरलं ते असं: जाळ्या आणि दोरा लगेच, वाडीच्या पाळ्या लावल्या आहेत. आठवड्याला दोन दिवस ताजा रस, पेजेने एक पातेलं आणि साबुदाण्याने एक, शेजारी शेजारी ठेवून बघणार. चोथा शाळेमागच्या खळ्यात वाळवायची परवानगी मिळाली आहे. खानावळवाल्या ताई, नोंदणी झाली की तुम्हालाच पहिला निरोप.

सड्यावरचे दादा, वाळलेला चोथा किती महिने टिकतो? पावसात पोत्याला बुरशी लागू नये म्हणून काय करता?

आणि ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कोणाकडे वापरलेला, विकायचा असेल तर इथेच सांगा. 0 ते 80 चा हवा, 32 पर्यंतचा स्क्वॅशला कमी पडेल.

सड्यावरचा

दाताखाली मोडेल इतका वाळलेला असेल तर गणपतीपर्यंत आरामात. पोती जमिनीवर नको, माळ्यावर चुलीच्या वरच्या बाजूला. धुराने बुरशी आणि किडे दोन्ही लांब राहतात. एखाद्या पोत्याला वास आला तर ते गुरांना न देता सरळ खतात घाला.