शनिवारचा सिनेमा (सोसायटी ग्रुप)

सुनीता, बी-३०४: सेक्रेटरीसाहेब, एक नम्र विचारणा. शनिवारी हॉलमध्ये 'ब्लेड रनर' लावताय म्हणे. मागच्या महिन्यातल्या 'एलियन'नंतर आमचा धाकटा अजून दिवा चालू ठेवून झोपतो. मुलांनी बघण्यासारखा आहे की नाही, हे आधी लिहायला काय होतं?

सेक्रेटरी: ताई, बोर्डावर 'फक्त मोठ्यांसाठी' लिहिलं होतं. दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या सिनेमांची मालिका मीटिंगमध्ये सर्वानुमते ठरली आहे 🙏

कुलकर्णी काका, ए-१०२: सर्वानुमते? मी होतो तिथे.

निखिल, सी-७०१: व्हर्जन कुठलं? २००७ चा फायनल कट असेल तरच येतो.

सेक्रेटरी: पेनड्राइव्हवर आहे ते.

निखिल: म्हणजे १९८२ चं! त्यात स्टुडिओने हिरोचं, म्हणजे हॅरिसन फोर्डचं, निवेदन वरून चिकटवलंय. वाचतानाच कंटाळलाय तो. शेवटी डोंगर दिसतात ना, ते कुब्रिकच्या 'द शायनिंग'चे उरलेले हेलिकॉप्टर शॉट. स्कॉटच्या हातात पूर्ण कारभार होता तो फक्त फायनल कटमध्ये.

मीनाक्षी काकू, ए-४०५: बाळा, आम्हाला गोष्ट कळली म्हणजे झालं. निवेदन असलेलं बरं.

निखिल: काकू 😭

कुलकर्णी काका: वादच चाललाय तर हा स्कॉट माणूस तरी ओळखा. आधी बीबीसीत सेट डिझायनर, मग जाहिराती. १९७३ ची ती ब्रेडची जाहिरात, चढावर सायकल ढकलणारा पोरगा, ती याचीच. पहिला सिनेमा १९७७ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर. 'एलियन'चे स्टोरीबोर्ड स्वतःच्या हाताने काढले, ते बघून फॉक्स स्टुडिओने बजेट ४२ लाख डॉलरवरून ८४ लाखांवर नेलं. आणि यानाचा पाय अवाढव्य दिसावा म्हणून मोठ्या नटांच्या जागी स्वतःची दोन मुलं उभी केली, छोटे अंतराळसूट शिवून. आत इतकं उकडायचं की पोरं कोसळायच्या बेतात होती.

सुनीता: बघा. मुलांना त्रास तेव्हापासूनच. माझ्या प्रश्नाचं उत्तर?

प्रसाद, बी-१०१: सिनेमा नोव्हेंबर २०१९ मध्ये घडतो ना? उडत्या गाड्या आल्या असत्या तर माझ्या स्लॉटमध्ये रोज कोणाची तरी पांढरी गाडी सापडली नसती.

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय दुसऱ्या ग्रुपवर, प्लीज.

प्रसाद: त्या ग्रुपवर तुम्ही मला म्यूट केलंय.

निखिल: फायनल कट.

मीनाक्षी काकू: ऑस्कर मिळालं का हो त्यांना?

कुलकर्णी काका: दिग्दर्शनाचं नाही. तीनदा नामांकन: 'थेल्मा अँड लुईस', 'ग्लॅडिएटर', 'ब्लॅक हॉक डाउन'. तीनही सायन्स फिक्शन नव्हेत. 'ग्लॅडिएटर' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण ती बाहुली निर्माते घेऊन गेले. गंमत म्हणजे ज्यासाठी आपण त्याला ओळखतो ते सायन्स फिक्शन सिनेमे पाचच. १९८२ नंतर थेट २०१२ मध्ये 'प्रोमिथियस'. तीस वर्षं तिकडे फिरकला नाही, तरी पडद्यावर रात्र, पाऊस आणि निऑनच्या पाट्या दिसल्या की याचीच नक्कल वाटते.

निखिल: मान्य काका. पण 'ब्लेड रनर' तेव्हा पडला. दोन आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, लोकांना गोड परग्रहवासी हवा होता.

सुनीता: मग 'ई.टी.'च लावा ना! मुलंही येतील.

सेक्रेटरी: ताई, कमिटी फुकट राबते. सूचना करणं सोपं असतं.

कुलकर्णी काका: 'ब्लेड रनर'च्या सेटवरही असंच झालं होतं 😄 इंग्लंडमधली युनिटची माणसं बरी, 'येस गव्हनर' (हो साहेब) म्हणून कामाला लागतात, असं स्कॉट एका मुलाखतीत बोलला. अमेरिकन युनिटने चिडून त्यावरच टोमणा मारणारे टी-शर्ट छापले.

प्रसाद: सेक्रेटरीसाहेबांसाठी आपणही छापू. खर्च मेंटेनन्समधून.

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे.

प्रसाद: वाचला मी.

मीनाक्षी काकू: तो हिरो माणूस असतो की यंत्र, एवढं सांगा. मुलगा म्हणतो यंत्र.

निखिल: स्कॉट म्हणतो यंत्र, फोर्ड म्हणत होता माणूस. १९८२ च्या प्रतीत हिरोला पडणारं ते युनिकॉर्नचं, एकशिंगी घोड्याचं, स्वप्नच नाही, मग तो यंत्र आहे हे कळणार कसं? म्हणून तर फायनल कट.

सेक्रेटरी: बरं, तुमच्याकडे आहे का तो?

निखिल: ऑनलाइन मिळेल. भाड्याने घ्यावा लागेल.

सेक्रेटरी: पैसे कोण भरणार?

प्रसाद: सर्वानुमते, निखिल 👍

सुनीता: 👍

मीनाक्षी काकू: 👍 बाळा, सबटायटल लाव हं.