लष्करातल्या मेकॅनिकची ताकद कशावर मोजायची?

डिझेलवाला, लातूर
भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांत आयटीआयवाले बरेच असतात. ज्याला पुढं रणगाड्याचे ट्रॅक चढवायचेत, गिअरबॉक्स उतरवायचेत, त्याची १.६ किमीची धाव काय सांगते? आधी काम मोजा: कुठला भाग किती किलोचा, कुठून कुठवर उचलायचा, तासात किती वेळा. मग परीक्षा ठरवा. अमेरिकेच्या लष्करानं २०१७ पासून तसंच केलंय. काम किती जड त्यानुसार गट, आणि बाई असो की पुरुष, निकष एकच.

निवृत्त हवालदार, ईएमई, नांदेड
भाऊ, ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचा माणूस आधी सैनिक, मग मेकॅनिक. गाडी बंद पडते ती घाटात, रात्री. रिकव्हरी गाडी पोचत नाही तिथं पाने, साखळ्या आणि रायफल घेऊन चालतच जावं लागतं. लडाखला दम नसला तर नट ढिला होत नाही. आणि तुमच्या त्या अमेरिकेच्या चाचणीत काय आहे? उभ्यानं लांब उडी, बसून २ किलोचा चेंडू फेकणं, जमिनीवरून वजन उचलणं आणि चौथं पळणंच! पाना एकातही नाही.

डिझेलवाला, लातूर
काका, चारात एक पळणं. आपल्याकडं भरतीत धाव, बीमला लटकून अंग वर खेचणं, ९ फुटी खड्ड्यावरून उडी, झिगझॅग फळीवर तोल. वजन उचलणं कुठंय?

सेफ्टीवाली, वाळूज
नुसत्या किलोवर जाऊ नका. कंपन्यांत वजन उचलण्यासाठी वापरतात त्या निओशच्या (अमेरिकेची कामगार-सुरक्षा संस्था) सूत्रात सगळं अनुकूल असताना मर्यादा २३ किलो. वजन अंगापासून लांब गेलं, कंबर वळली, की ती झरझर उतरते. गाडीखाली आडवं पडून करायच्या कामाला तर ते सूत्र लागूच होत नाही. मोजमाप करायचंच तर पोरं गाळायला नको, काम सुधारायला करा. जॅक, होइस्ट (वजन वर उचलणारं यंत्र) आधी द्या. नाहीतर मजबूत पोरगा निवडाल आणि त्याचीच कंबर घालवाल.

निवृत्त हवालदार, ईएमई, नांदेड
ताई, वाळवंटात जॅक रुतला की खांदाच लावावा लागतो. होइस्ट वर्कशॉपात.

अकॅडमीवाला, बीड
मैदानावर हजारो पोरं येतात, घड्याळ आणि फीत पुरते. वजनाची परीक्षा आणलीत तर आमच्यातलेच लोक डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायचे क्लास काढतील, फी वेगळी. ऊसतोड्याच्या पोराला रस्ता फुकट आहे, जिम नाही.

डिझेलवाला, लातूर
मग पोत्यानं घ्या की! सोयाबीनचं पोतं गावोगाव आहे.

सेफ्टीवाली, वाळूज
पोतं पाठीवर घेतात हो. गिअरबॉक्स हात लांब करून, भोकाला भोक जुळेपर्यंत धरून ठेवावा लागतो. त्याची परीक्षा पोत्यानं कशी घेणार, ते सांगा.