मदत हवी आहे: आईसोबत प्रार्थना कशी करावी?

सर्वांना सलाम. आम्ही पुण्यात, गुरुवार पेठेत राहतो. पक्षाघातानंतर आई अंथरुणाला खिळली आहे. चर्चला जाता येत नाही म्हणून तिचा जीव तुटतो. रात्री उजव्या हाताने डावा हात उचलून जोडते आणि विचारते, "देवाची माझ्यावर प्रीती आहे ना रे?"

मी बायबलमधलं रोमकरांस पत्र 8:38-39 वाचतो: मरण, जीवन, कोणतीच गोष्ट आपल्याला ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. तेवढ्यापुरता धीर येतो, पहाटे पुन्हा तीच भीती. तिला उपदेश नकोय, एवढं मला नक्की कळतं. त्याच अध्यायाच्या 26व्या वचनात आहे की, काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणून मी आता बोलणं कमी करून तिचा हात धरून बसतो. स्तोत्र 13 मात्र ती स्वतः मागते. त्यात आधी तक्रार आहे, मग भरवसा.

घरातल्या आजारी माणसासोबत तुम्ही रोज प्रार्थना केली असेल तर कृपया सांगा, काय वाचत होता, किती वेळ बसत होता? आणि रविवारी दुपारी मराठी भक्तिगीतं म्हणायला कोणी घरी येऊ शकेल का? आईला सोबतीने गायचंय.